हात झोपतो, बोट अडकतं, खांदा निखळतो

हात, मनगट, कोपर आणि खांद्याच्या ऑपरेशनांबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. ज्यांत दिवस आणि तास मोजून निर्णय घ्यावा लागतो ते प्रश्न आधी घेतले आहेत. ज्यांत थांबून चालतं, किंबहुना थांबणंच बरं, ते मागे ठेवले आहेत. पत्रावरून तपासणी होत नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमकं काय विचारायचं, एवढं या उत्तरांतून कळलं तरी पुरे.

प्रश्न : भाऊ १९ वर्षांचा आहे. संक्रांतीच्या आधी कळव्याच्या पुलावर मांजा आडवा आला, तो बाजूला करताना त्याचं मधलं बोट कापलं. जवळच्या दवाखान्यात चार टाके घातले. जखम भरत आलीय, पण बोटाचं टोक वाकत नाही आणि एका बाजूने बधिर लागतं. सूज उतरली की वाकेल, असं सांगितलंय. आज नववा दिवस. वाट बघायची का? – एक बहीण, कळवा

नाही. या ताईंना पत्र मिळालं त्याच दिवशी फोनवर कळवलं. दर संक्रांतीला हेच घडतं म्हणून उत्तर इथेही छापत आहोत.

सुजलेलं बोट कमी वाकतं, पण टोक अजिबात हलत नाही असं नुसत्या सुजेने होत नाही. बोट वाकवणारे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, प्रत्येक बोटात दोन असतात. वरचा मधला सांधा वाकवतो, खोलवरचा टोकाचा. घरच्या घरी बघता येतं. बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हाताने सरळ धरा आणि फक्त टोक वाकवायला सांगा. हललं नाही, तर खोलवरचा टेंडन तुटलाय असं समजा. मग बाकीची तीन बोटं सरळ दाबून धरा आणि दुखावलेलं बोट वाकवायला सांगा. मधला सांधाही वाकला नाही, तर दोन्ही गेले. मांजाची जखम बाहेरून रेघेएवढी दिसते, आत मात्र हाडापर्यंत गेलेली असू शकते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, तरी तो मिळतोच.

घाई अशासाठी की तुटलेल्या टेंडनचं वरचं टोक स्नायू मागे ओढून घेतो. ते तळव्यात, कधी मनगटाजवळ जाऊन बसतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ते पुढे आणून थेट जोडता येतं. तीन-चार आठवडे उलटले की स्नायू आखडतो आणि बोटातली टेंडनची वाट मिटत जाते. मग आधी सिलिकॉनची कांडी बसवून साधारण तीन महिने थांबायचं आणि नंतर मनगटातला एक जास्तीचा टेंडन काढून तिथे घालायचा, अशी दोन ऑपरेशनं होतात. तेवढं करूनही बोट पहिल्यासारखं क्वचितच होतं.

वेळेत केलेल्या ऑपरेशनात छेद नागमोडी घेतात, कारण बोटावर उभा सरळ छेद घेतला तर वण आखडून बोट वाकडं राहतं. टेंडनची टोकं निदान चार पदरांच्या टाक्याने, ३-० किंवा ४-० जाडीच्या धाग्याने जोडतात आणि कडेने त्याहून बारीक ६-० धाग्याची शिवण घालतात. टेंडनला हाडालगत धरून ठेवणारी कडी असतात, त्यांतलं दुसरं आणि चौथं राखावं लागतं. ती गेली तर बोट वाकवताना टेंडन धनुष्याच्या दोरीसारखा कातडीखाली ताणून वर येतो. बधिरपणाचा अर्थ बोटाच्या त्या बाजूची नसही कापली आहे. ती त्याच वेळी भिंगाखाली जोडतात. नस दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते, म्हणजे टोकापर्यंत जाणीव पोचायला काही महिने लागतात. तोवर त्या बोटाला गरम तवा लागला तरी कळणार नाही.

आता खरी कसोटी. जोडलेला टेंडन हलवला नाही तर आसपासच्या वणाला चिकटतो, जोर लावला तर तुटतो. म्हणून ३ ते ५ दिवसांत फिजिओच्या देखरेखीखाली ठरावीक हालचाल सुरू करतात आणि हाताच्या मागच्या बाजूचा स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) सहा आठवडे रात्रंदिवस ठेवतात. ‘आता दुखत नाही’ म्हणून तिसऱ्या आठवड्यात स्प्लिंट काढून मोबाईल धरला, बॅग उचलली, की जोड सुटतो. जड काम बारा आठवड्यांनंतरच.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. हाताला काच, मांजा किंवा पातं लागलं तर टाके घालण्याआधी, भूल देण्याआधी विचारा : ‘टेंडन आणि नस तपासलीत का?’ भुलेचं इंजेक्शन दिल्यावर बोट बधिरच होणार, मग नसेची तपासणी कसली?

प्रश्न : आमच्या युनिटमध्ये पॉवर प्रेस आहेत. एका कामगाराचं बोट तुटलं, आम्ही ते बर्फात घालून नेलं, पण ते निकामी झालंय असं सांगितलं. नेमकं काय करायला हवं होतं? – एक सुपरवायझर, रबाळे एमआयडीसी

बर्फात थेट टाकलं, हेच चुकलं. बर्फ लागलेल्या पेशी गोठून मरतात. तुटलेला भाग स्वच्छ सलाईनने वरवर धुवा, घासू नका. सलाईनने ओलसर केलेल्या, पाणी न निथळणाऱ्या गॉजमध्ये गुंडाळा. ते कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा. ही पिशवी बर्फ आणि पाणी निम्मं निम्मं असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. डेटॉल, स्पिरिट, दूध, हळद काही लावायचं नाही. कातडीच्या एका पट्टीवर बोट लोंबत असेल तर ती पट्टी कापू नका. तिच्यातून रक्त परत येत असू शकतं.

जखमेवर जाड गॉज ठेवून हाताने दाबा, हात छातीच्या वर धरा. दहा मिनिटं सलग दाबलं तर बोटाचं रक्त बहुतेक वेळा थांबतं. मुळाशी रबर किंवा सुतळी आवळू नका. त्याने चांगली नसही चिरडते. कामगाराला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यायची असते. वेळ कागदावर लिहा. बोटात स्नायू नसतो, त्यामुळे थंड न ठेवलेलं बोट साधारण १२ तासांपर्यंत आणि नीट थंड ठेवलेलं २४ तासांपर्यंत जोडण्याजोगं राहतं. मनगटाच्या वर तुटलं असेल तर स्नायू आला, मग थंड न ठेवता जेमतेम सहा तास.

निघण्याआधी फोन करून एकच विचारा : ‘मायक्रोसर्जरीची, म्हणजे भिंगाखाली रक्तवाहिन्या जोडणारी, टीम आत्ता आहे का?’ नुसतं मोठं हॉस्पिटल असून भागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत दोन ठिकाणी फिरण्यात दोन तास जातात. टीमचा पत्ता आणि फोन नंबर प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आधीच चिकटवून ठेवा. पेटीत अर्धा लिटर सलाईन, निर्जंतुक गॉज आणि बंद होणाऱ्या पिशव्या असल्या की पुरे.

प्रत्येक बोट जोडावंच असं नाही. अंगठा, एकापेक्षा जास्त बोटं, लहान मूल, धारदार पात्याची सरळ कापणी, यांत प्रयत्न करतात. अंगठ्याची पहिली यशस्वी जोड १९६५ साली जपानमध्ये झाली. आजही सर्वांत जास्त मोल त्याचंच, कारण त्याच्याशिवाय पकड नाही. प्रेसखाली चेचलेलं एकटं बोट मात्र जोडूनही ताठ आणि बिनकामाचं राहू शकतं, मग जखम नीट बंद करून तीन-चार आठवड्यांत कामावर पाठवणं शहाणपणाचं ठरतं. जोडलंच, तर बिडी-सिगारेट पूर्ण बंद. निकोटिनने बोटातली जोडलेली मिलीमीटरभर रुंदीची रक्तवाहिनी आकसते आणि बोट काळं पडतं. कामगार ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असेल तर अपघाताची नोंद त्याच दिवशी करा. कामावरच्या दुखापतीचा भत्ता पगाराच्या सुमारे ९० टक्के दराने मिळतो. नोंद उशिरा केली की हेलपाटे वाढतात.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. झोपाळ्यावरून पडून कोपराच्या वरचं हाड मोडलं, तारा घातल्या, चौथ्या आठवड्यात काढल्या. आता कोपर पूर्ण सरळ होत नाही. सासूबाई म्हणतात, तेल लावून चोळलं की मोकळं होईल. – एक आई, ऐरोली

सासूबाईंना प्रेमाने, पण ठाम नाही म्हणा. कोपर हा चोळण्याचा सांधा नाही. मोडलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूला चोळलं किंवा हात जबरदस्तीने ओढून सरळ केला, तर स्नायूत नवं हाड तयार होऊ शकतं आणि सांधा कायमचा जखडतो. वाळूची पिशवी किंवा पाण्याची बाटली हातात लटकवणं हाही त्यातलाच प्रकार.

या वयात कोपर खेळताना, जेवताना, आंघोळीचा तांब्या उचलताना आपोआप मोकळं होतं. बरीचशी हालचाल सहा-आठ आठवड्यांत परत येते. शेवटचे दहा-पंधरा अंश यायला कधी वर्षही लागतं. तुम्ही बघायचं ते वेगळं. दोन्ही हात पुढे सरळ करायला सांगा आणि तळवे वर. दुखावलेला हात कोपरात आतल्या बाजूला वाकलेला दिसला तर हाड तिरपं जुळलं आहे. ते व्यायामाने सरळ होत नाही, पण घाईही नसते. गरज पडली तर पुढे हाड कापून सरळ करता येतं.

ज्यांच्या मुलांना कोपराच्या अशा मोडीसाठी प्लास्टर नुकतंच बसलंय त्यांनी मात्र पहिले दोन दिवस जागं राहावं. मूल सतत रडतंय, औषधाने थांबत नाही, बोटं हळूच सरळ केली तर किंचाळतंय, बोटं पांढरी किंवा निळी दिसताहेत, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. आतला दाब वाढून स्नायू मरायला सहा-आठ तास पुरतात. आतल्या कापसासकट प्लास्टर पूर्ण चिरून मोकळं करायला सांगा. घट्ट पट्टी बांधून देणाऱ्या हाडवैद्याकडे मुलाचं कोपर तर मुळीच नेऊ नका.

प्रश्न : आई ६७ वर्षांची. पाय घसरून डाव्या मनगटाचं हाड मोडलं. एकाने प्लेट सांगितली, दुसऱ्याने प्लास्टर पुरे म्हटलं. कुणाचं ऐकायचं? – एक मुलगा, नवीन पनवेल

दोघंही बरोबर असू शकतात. हाड बसवल्यानंतरच्या एक्स-रेत तीन गोष्टी विचारा : मनगटाचा सांधा मागे किती कलला आहे, हाड किती आखूड झालं आहे आणि सांध्याच्या पृष्ठभागात पायरी पडली आहे का. साधारण दहा अंशांहून जास्त मागचा कल, तीन मिलीमीटरहून जास्त आखूडपणा, दोन मिलीमीटरहून मोठी पायरी, असं असेल तर कामकरी वयात प्लेटकडे कल असतो. पासष्टीच्या पुढे मात्र हाड थोडं वाकडं जुळलं तरी वर्षभराने हाताचं काम प्लेटवाल्यांइतकंच चालतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मनगट दिसायला थोडं तिरकं राहतं. तुमच्या आई काठी घेऊन चालत असतील, एकट्या राहत असतील, डाव्या हाताने काम करत असतील, तर हिशोब बदलतो. वयाचा आकडा एकटा निर्णय देत नाही.

प्लास्टर निवडलं तर पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक्स-रे चुकवू नका. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि हाड सरकतं. तेव्हा कळलं तर उपाय सोपा, सहाव्या आठवड्यात कळलं तर हाड पुन्हा कापावं लागतं. प्लास्टर तळव्याच्या वरच्या रेषेच्या अलीकडे संपायला हवं, म्हणजे पूर्ण मूठ वळते. दर तासाला दहा वेळा मूठ उघडझाप, हात डोक्यावर नेणं, कोपर वाकवणं. झोळीत हात घालून सहा आठवडे बसून राहिलेल्या रुग्णाचं मनगट जुळतं, पण बोटं आणि खांदा दोन्ही आखडतात. बांगड्या-अंगठ्या पहिल्याच दिवशी काढा. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत चालली तर ती घाईची खूण, मनगटातली नस दबते आहे.

प्लेट तळव्याच्या बाजूने सहा-आठ सेंटिमीटरच्या छेदातून बसवतात. ती फार पुढे, सांध्याच्या कडेपर्यंत बसली तर अंगठा वाकवणारा टेंडन तिच्यावर घासून काही महिन्यांनी तुटू शकतो. स्क्रू लांब झाला तर मागच्या बाजूचे टेंडन घासतात. प्लेटवर कुरकुर, टोचणं, अंगठा वाकवताना दुखणं सुरू झालं तर लगेच दाखवा. त्रास नसेल तर प्लेट काढायची गरज नाही. प्लास्टरवाल्यांसाठीही एक सूचना : हाड जागचं न हललेल्या साध्या मोडीनंतरही काही आठवड्यांनी अंगठा वर उचलणारा टेंडन तुटतो. टेबलावर तळवा टेकून अंगठा वर उचलता येईना, तर तेच झालंय.

आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. मनगट मोडणं ही हाड ठिसूळ झाल्याची पहिली पावती असते. पुढची मोड खुब्याची असू नये.

प्रश्न : पोळी-भाजी केंद्र चालवते, वय ४८, थायरॉईड आहे. रात्री दोन्ही हात झोपतात, झटकल्यावर बरं वाटतं. एनसीव्ही (नसेचा वेग मोजणारी तपासणी) केली, उजवीकडे ‘तीव्र’ लिहिलंय. नसांच्या गोळ्या तीन महिने घेतल्या. ऑपरेशन करावं का, दोन्ही हातांचं एकदम करावं का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

आधी करंगळीकडे बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर आणि करंगळी मोकळी असेल, तर मनगटातल्या बोगद्यात नस दबते आहे. करंगळी बधिर असेल तर कोपराकडची नस आणि मान तपासायला हवी. मनगटातून नऊ टेंडन आणि एक नस जातात. वर जाड पट्टा असतो, तो ताणत नाही. थायरॉईड, मधुमेह, संधिवात किंवा गरोदरपणात आतलं अस्तर सुजतं आणि सगळ्यांत मऊ असलेली नस चेपते. गोळ्यांनी बी-१२ ची कमतरता भरून निघेल, बोगदा रुंद होणार नाही. थायरॉईडची टीएसएच आणि साखरेची एचबीएवनसी मात्र तपासून घ्या.

दुखणं सौम्य असेल तर चार ते सहा आठवडे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बघतात. दुकानातल्या बऱ्याच पट्ट्यांतली पत्र्याची पट्टी मनगट मागे वाकवते. ती काढून हाताने सपाट करून घ्या, कारण आतला दाब मनगट सरळ असतानाच सर्वांत कमी असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही महिने बरं वाटतं. तुमच्या उजव्या हाताला मात्र यात वेळ घालवू नये असं आमचं मत. अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा असतो, तो डाव्यापेक्षा सपाट दिसतो का बघा. एकदा तो स्नायू वाळला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही.

ऑपरेशन छोटं आहे. तळव्यात दोन ते चार सेंटिमीटरचा छेद, पंधरा-वीस मिनिटं, त्याच दिवशी घरी. भूल फक्त तिथल्यापुरती. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात अॅड्रेनॅलिन मिसळून दिलं आणि पंचवीस-तीस मिनिटं थांबलं तर रक्त फारसं येत नाही आणि दंडाला आवळपट्टाही लागत नाही. दुर्बिणीने केलं तर काही दिवस लवकर कामाला लागता येतं, खर्च जास्त, वर्षभरानंतरचा निकाल सारखाच.

रात्रीचं दुखणं बहुतेकांचं पहिल्याच आठवड्यात थांबतं. बधिरपणा महिन्यांनी उतरतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर हात भिजवायचा नाही. बोटं मात्र पहिल्या संध्याकाळपासून हलवायची. कणीक मळताना तळव्याच्या दोन्ही कडांना दुखेल, ते सहा आठवडे ते तीन महिने चालतं, घाबरू नका. निदान सहा आठवडे मळायचं काम मशीनवर किंवा दुसऱ्याकडे. दोन्ही हातांचं एकदम केलं तर पहिले आठ-दहा दिवस जेवण, केस, शौचालय सगळ्याला माणूस लागतो. घरी तसं कोणी नसेल तर आधी उजवा, चार-सहा आठवड्यांनी डावा.

ऑपरेशन करून गुण आला नाही असं सांगणारे भेटतील. कारणं ठरलेली : पट्ट्याचा बोटांकडचा शेवटचा भाग कापायचा राहिला, दबाव मुळात मानेत होता, किंवा नस इतकी वर्षं चेपली होती की सावरायला काही उरलं नव्हतं.

प्रश्न : एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी आहे, वय ५४. गोणी उचलताना खांद्यात कडकन आवाज झाला, दीड महिना हात वर जात नाही. एमआरआयमध्ये टेंडन पूर्ण फाटल्याचं आलंय. फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम करा, असंही एकाने सांगितलं. – एक वाचक, तुर्भे

फरक असा. दुसऱ्या माणसाने तुमचा हात धरून वर नेला आणि तो सहज गेला, पण तुमचा तुम्हाला जात नाही, तर टेंडनचा प्रश्न. दुसऱ्याने नेला तरी अडतो, तर सांधा आखडलाय, तोच फ्रोझन शोल्डर. मधुमेहींचे सांधे जास्त आखडतात. तिथे इंजेक्शन, व्यायाम आणि सबुरी यांनी भागतं, चाकू क्वचित लागतो.

साठीच्या पुढच्या कितीतरी माणसांचे हे टेंडन झिजून फाटलेले असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. अशा झिजेच्या फाटीला तीन महिने व्यायाम हा पहिला उपचार. तुमचं तसं नाही. चांगला चालणारा खांदा एका झटक्यात गेला, वय साठीच्या आत, काम अंगमेहनतीचं. अशी फाट लवकर जोडावी, तीन महिन्यांच्या आत नक्कीच. जास्त थांबलं तर टेंडन मागे सरकतो आणि त्याच्या स्नायूत चरबी भरते. स्नायूत निम्मी चरबी झाली की टेंडन जोडूनही ताकद येत नाही. एमआरआयच्या रिपोर्टवर तीन गोष्टी दाखवून घ्या : फाट किती सेंटिमीटर, टेंडन किती मागे गेलाय, स्नायूत चरबी कितवी श्रेणी. एक ते तीन सेंटिमीटर मध्यम, पाचच्या वर फार मोठी.

दुर्बिणीने अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं पाडून टेंडन हाडावर टेकवतात. हाडात छोटे खिळे बसवतात, त्यांना अँकर म्हणतात, आणि त्यांच्या धाग्यांनी टेंडन बांधतात. खर्चाचा मोठा वाटा याच अँकरांचा. म्हणून अंदाजपत्रकात अँकर किती, कोणत्या कंपनीचे, दर काय, हे लिहून घ्या. माथाडी मंडळाची नोंदणी असेल तर वैद्यकीय मदतीची आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या हॉस्पिटलात बसतं का याची चौकशी भरती होण्याआधी करा. मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, त्याने त्या बाजूचा श्वासपटल काही तास सुस्तावतो. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा.

पुढचं वेळापत्रक कडक. चार ते सहा आठवडे उशी लावलेली झोळी, झोपतानाही. पाठीमागे उशा लावून अर्धवट बसून झोपलं की रात्र निभते. या काळात हात दुसऱ्याने हलवायचा, तुम्ही नाही. मनगट, बोटं, कोपर तुमची तुम्ही हलवा. सहाव्या आठवड्यानंतर स्वतःच्या ताकदीने, बाराव्यानंतर वजन. टेंडन हाडाला धरायला तेवढे आठवडे लागतातच, दुखणं मात्र त्याआधीच थांबतं, आणि गोची तिथेच होते. सहा महिन्यांच्या आत गोणी उचलायची नाही. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेण्याचं काम पुन्हा जमेलच असं वचन कोणी देत असेल तर जपून. मुकादमाशी आधी बोलून मोजणीचं किंवा काट्यावरचं काम मिळतंय का बघा. तंबाखू सोडा, साखर आटोक्यात आणा. या दोन्हींमुळे जोड पुन्हा फाटतो.

प्रश्न : गोविंदा पथकात आहे, वय १९. खांदा तीनदा निखळला, दर वेळी मित्रांनी ओढून बसवला. दोन महिन्यांवर दहीहंडी आहे. – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

यंदा खाली उभं राहून बघा. विशीच्या आत खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता खूप, आणि प्रत्येक खेपेला सांध्याच्या खोबणीची पुढची कड थोडी घासते. मित्रांनी ओढणं बंद. हाड मोडलेलं असेल तर ते आणखी सरकतं. शिवाय खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का, म्हणजे तिथली नस ताणली गेली आहे का, हे बसवण्याआधी आणि नंतर तपासावं लागतं.

एमआरआयबरोबर सीटी स्कॅनही करा, कारण ऑपरेशन कोणतं ते हाड ठरवतं. कड फारशी झिजली नसेल तर दुर्बिणीने खोबणीच्या कडेची फाटलेली गादी तीन-चार अँकरांनी पुन्हा शिवतात. खोबणीचं वीस टक्क्यांहून जास्त हाड गेलं असेल तर नुसती शिवण टिकत नाही. मग खांद्याच्याच पुढचा हाडाचा तुकडा त्याला चिकटलेल्या टेंडनसह कापून खोबणीच्या कडेला दोन स्क्रूंनी बसवतात. कमी खर्चाचं म्हणून पहिलं ऑपरेशन करायचं आणि थरावर चढल्यावर पुन्हा निखळायचं, यात काही अर्थ नाही. थर, कबड्डी, कुस्ती सहा महिन्यांनी. फिट येऊन कोणाचा खांदा दुखायला लागला, तर तो मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सुटून जातो, म्हणून बाजूचाही एक्स-रे मागा.

प्रश्न : मधुमेह आहे. सकाळी अनामिका वळलेलीच राहते, दुसऱ्या हाताने सोडवली की टक्कन उघडते. – एक वाचक, नेरुळ

तळव्यात बोटाच्या मुळाशी टेंडनला गाठ आली आहे आणि ती पहिल्या कड्यात अडकते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बऱ्याच जणांचं काम होतं, मधुमेहींचं कमी. घेतलंत तर चार-पाच दिवस साखर चढेल, मीटरवर रोज बघा. दोन इंजेक्शनांनंतरही अडकत असेल तर तिसरं मागू नका. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या छेदातून ते कडं कापतात. जागे असताच बोट हलवायला सांगतात आणि अडकणं गेलं हे तुम्हालाच दिसतं. बोट त्याच दिवसापासून पूर्ण वळवा. फार महिने अडकवून ठेवलं तर मधला सांधा आखडतो आणि कडं कापूनही बोट सरळ होत नाही.

प्रश्न : आयटीत आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, दोन इंजेक्शनं झाली, महिनाभर बरं वाटून पुन्हा सुरू. ऑपरेशन? – एक वाचक, घणसोली

नको, आणि तिसरं इंजेक्शनही नको. तुमच्या या दुखण्यात, म्हणजे टेनिस एल्बोत, स्टेरॉइडने पहिले काही आठवडे बरं वाटतं, पण वर्षाच्या हिशोबात इंजेक्शन घेतलेले मागे पडतात. कातडी पांढरी होते ते वेगळंच. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात आपसूक उतरतं. एक किलोचा डंबेल घ्या. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्या आणि आधार सोडून चार-पाच सेकंदांत सावकाश खाली आणा. पंधरा-पंधराचे तीन फेरे, रोज, बारा आठवडे. किंचित दुखलं तर चालेल. लॅपटॉपची बॅग तळवा खाली करून उचलू नका. सहा ते बारा महिने हे खरोखर करूनही थांबलं नाही तर ऑपरेशनचं बोलू.

प्रश्न : मनगटावर सुपारीएवढी गाठ आहे, दुखत नाही. पुस्तकाने ठोकून फोडावी म्हणतात. – एक वाचक, कोपरी

ठोकू नका, मनगटाचं हाडही मोडू शकतं. ही बहुधा सांध्यातून आलेली पाण्याची गाठ आहे, कर्करोग नव्हे. सुईने काढलं तर निम्म्या वेळा परत भरते, ऑपरेशननंतरही कधी कधी येते. दुखत नसेल तर तशीच राहू द्या. कडक असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा मनगटाच्या नाडीजवळ असेल तर एकदा सोनोग्राफी करून घ्या. नाडीजवळच्या गाठीत सुई घालू नये, रक्तवाहिनी अगदी चिकटून असते.